कोपराला गूळ

शाळेत अलंकारांची व्याख्या पाठ केली होतीत, आठवतंय? दागिन्यांनी जशी शरीराला शोभा येते तशी अलंकारांनी भाषेला येते, अशा अर्थाचं काहीतरी. तुमच्या वेळी होती, माझ्या वेळी होती, आणि आमच्या बिल्डिंगमधली सहावी-सातवी-आठवीतली कार्टी आजही तेच घोकतायत. माझं म्हणणं असं की मराठी मुलांना मराठीपासून तोडण्याचं काम जितकं या एका वाक्याने केलंय, तितकं इंग्रजी माध्यमानेही केलं नसेल.

दचकलात? दचका. आज जरा भांडायच्याच मूडमध्ये आहे.

दागिना म्हणजे काय? लग्नाला जाताना घालायचा, घरी आल्यावर काढून कपाटात ठेवायचा. नसला तरी अडत नाही. माणूस तोच राहतो. म्हणजे मुलाला आपण पहिल्याच दिवशी काय सांगतो, तर बाबा रे, भाषेत हे जे काही आहे ते वरवरचं आहे, शोभेचं आहे, कवी लोकांचे चोचले आहेत, आणि तुला यावर दोन मार्क आहेत. मग ते पोर दोन मार्कांपुरतंच शिकतं. त्याचं काय चुकलं?

गंमत म्हणजे ती व्याख्याच एक उपमा आहे! 'दागिन्यांनी जशी... तशी...' अलंकार म्हणजे काय हे सांगायला त्या बिचाऱ्या व्याख्येला अलंकाराचाच आधार घ्यावा लागला. आता तो दागिना काढून ठेवा बघू. व्याख्या उरते का? नाही उरत. जी वस्तू काढली तर मागे काहीच उरत नाही, तिला दागिना म्हणत नाहीत हो. तिला हाड म्हणतात.

ही दागिन्यांची कल्पना तशी जुनी आहे. अकराव्या शतकात काश्मिरात मम्मट नावाचा पंडित होऊन गेला, त्याने 'काव्यप्रकाश' लिहिला, त्यात त्याने अलंकारांना हारासारख्या दागिन्यांची उपमा दिली आहे. पण त्याच मम्मटाने त्याच ग्रंथात शब्दाच्या शक्तीही सांगितल्या आहेत. अभिधा, लक्षणा, व्यंजना. म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, सरळ अर्थ अडल्यावर घ्यावा लागणारा अर्थ, आणि न बोलता सुचवलेला अर्थ. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने सांगून ठेवलं होतं की काव्याचा आत्मा सुचवण्यात आहे, सजवण्यात नाही. एवढ्या मोठ्या वाड्यातून आपण शाळेसाठी काय उचलून आणलं? तर दारावरचं तोरण!

लक्षणेचं जुनं ठेवणीतलं उदाहरण म्हणजे 'गंगेवर गवळ्यांची वस्ती'. आता नदीच्या पाण्यावर काही वस्ती होत नाही. म्हणून ऐकणारा मनातल्या मनात दुरुस्त करतो की गंगेच्या काठावर. हे ऐकून मुलांना वाटतं की काहीतरी संस्कृतातलं अवघड आहे. अवघड? अहो, सकाळी कोपरहून गाडी पकडा. आत शिरल्याशिरल्या पहिला प्रश्न काय विचारतात? 'तुम्ही कुर्ला का?' आणि समोरचा माणूस जराही न गोंधळता म्हणतो, 'नाही, मी दादर.' कोणी कोणाला वेड्यात काढत नाही. 'ठाणा गेलं का?' असं विचारतो आपण. ठाणा कुठे जाणार आहे? जिथल्या तिथे आहे ते, आपण गेलो! पण डब्यातल्या दहा वर्षांच्या पोरालाही यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. मम्मटाची लक्षणा ते रोज पासावर वापरत असतं. फक्त शाळेत जाऊन बसलं की त्याला कोणी सांगत नाही की लेका, तुला हे आधीच येतंय.

आमच्या गावाचंच बघा ना. कोपर. लोकलच्या उद्घोषणेत ऐकून ऐकून आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण कोपर म्हणजे हाताचा सांधा. खालून मेन लाइन, वरून दिवा-वसई लाइन, आणि दोन्ही लाइनींना स्टेशन, वरचं कोपर आणि खालचं कोपर. हाडं जिथे सांधली जातात तिथेच जणू आम्ही राहतो! नाव गावाचं आहे, स्टेशनच्या फार आधीचं, त्यामुळे हा निव्वळ योगायोग. पण सातवीतल्या मुलाला हे एकदा दाखवून तर बघा. मग त्याला विचारा की कोपरावरून मराठीत काय काय आहे. कोपरखळी मारणे. कोपरापासून नमस्कार. मऊ सापडलं म्हणून कोपराने खणू नये. आणि माझा आवडता वाक्प्रचार, कोपराला गूळ लावणे.

मी बिल्डिंगमधल्या चारपाच पोरांना संध्याकाळी मराठी वाचायला बसवते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. (शिकवणी नाही. पैसे घेत नाही. मावशी, तू फोन करून पुन्हा विचारू नकोस.) त्यांना या वाक्प्रचाराचा अर्थ मी सांगितलाच नाही. म्हटलं, कोपराला गूळ लागलाय, चाटा. पाच मिनिटं नुसता धुडगूस! माना वाकड्या, जिभा बाहेर, एकजण सोफ्यावरून पडला. शेवटी त्यातली एक दमून म्हणाली, 'म्हणजे वास येणार पण मिळणार नाही.' झालं! कोशात याहून चांगला अर्थ मिळणार नाही. लगेच दुसरा म्हणाला, 'पप्पांनी सायकलचं सांगितलंय ना, नव्वद टक्के पडले तर, तो कोपराला गूळ.' याला म्हणतात 'वाक्यात उपयोग करा'.

आता शाळेत काय होतं ते सांगते. वहीत डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, त्याखाली वाक्य. तीस वाक्प्रचार फळ्यावरून उतरवून घ्या, गाइडमधली वाक्यं पाठ करा. 'कंठस्नान घालणे' याचा अर्थ ठार मारणे असा आहे हे ज्याचं पाठ करायचं राहिलं, तो बिनधास्त लिहितो की आईने बाळाला कंठस्नान घातले. शिक्षक हसतात, आपण हसतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो. पण त्या पोराने विचार केला होता हो! कंठ आणि स्नान हे दोन्ही शब्द ओळखून त्याने अर्थ लावायचा प्रयत्न केला होता. गळ्यावरून पाण्याऐवजी रक्ताचं स्नान हे भयंकर चित्र त्याला कोणी दाखवलंच नव्हतं, एवढंच. पाठ केलेल्या पोराला मार्क, आणि विचार केलेल्याची चेष्टा.

अलंकारांचंही तेच. जणू दिसलं की उत्प्रेक्षा, सारखा दिसलं की उपमा. ही युक्ती क्लासमध्ये बिनदिक्कत शिकवतात. मग मी पोरांना दोन वाक्यं दिली. 'तू जणू काही ऐकलंच नाहीस असं करू नकोस' आणि 'माझ्यासारखा डबा त्यानेही आणलाय'. सगळ्यांनी एका सुरात उत्प्रेक्षा आणि उपमा! कुठे आहे हो अलंकार? पहिल्यात कशावर कशाची कल्पनाच नाही, आणि दुसऱ्यात स्टीलचा डबा स्टीलच्या डब्यासारखा आहे. उलट 'बाबा घरी आले की टीव्ही मुका होतो' या वाक्यात सगळ्यांनी सांगितलं की अलंकार नाही. का? तर खुणेचा शब्द नाही. त्या घरातलं वातावरण, ती भीती, तो दबलेला आवाज, सगळं त्या एका 'मुका'त आहे. ते दिसायला हवं की 'जणू' दिसायला हवं?

बरं, हे वयही असं तसं नाही. १९६० साली अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश आणि हॅरिएट नर्लोव्ह यांनी मुलांना गोड, थंड, कडक, वाकडा असल्या शब्दांबद्दल विचारून पाहिलं होतं. असे शब्द वस्तूलाही लागतात आणि माणसालाही. अगदी लहान मुलांना माणूस थंड असू शकतो हेच पटेना. जरा मोठ्यांना दोन्ही अर्थ माहीत होते, पण ते दोन वेगळे शब्द असावेत तसे. दोन्ही अर्थांमधलं नातं सांगू लागली ती नऊ-दहा-बारा वर्षांची मुलं. पुढे १९७६ मध्ये एलन विनर आणि तिच्या सहकाऱ्यांनीही असंच काही पाहिलं. तुरुंगाचा पहारेकरी दगड झाला, असं वाक्य ऐकून लहान मुलांना जादू झाली असं वाटायचं. मोठ्या मुलांना कळायचं की दगड झालंय ते त्याचं मन. म्हणजे डोक्यातलं हे दार उघडतं ते साधारण पाचवी ते आठवीच्या सुमाराला. आणि नेमकं त्याच वेळी आपण त्या दारात तक्ता लावून ठेवतो. उपमेय, उपमान, साधर्म्यवाचक शब्द, साधारण धर्म. रकाने भरा.

आता मुख्य राग कशाचा ते सांगते. मुलांना वर्गात आपापल्या मनाने एक उपमा लिहायला सांगितली होती. (कुठली शाळा ते विचारू नका. सांगणार नाही.) आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाने लिहिलं, 'माझे बाबा आणि काका म्हणजे कोपर पूल. दोन वर्षं बंद होता आणि आजी ठाकुर्लीवरून निरोप न्यायची.'

बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा. डोंबिवलीचा पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल धोकादायक झाला म्हणून २०१९ मध्ये बंद केला, तो २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात सगळी वाहनं ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा घालून जायची. अर्ध्या शहराचा जीव मेटाकुटीला आला होता.

आता ते वाक्य पुन्हा वाचा. दोन भाऊ, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. बोलणं बंद. मध्ये म्हातारी आई, इकडचं तिकडे पोचवणारी, लांबून, वळसा घालून. आणि शेवटी पूल सुरू झाला हेही त्यात आहे, 'बंद होता' म्हणतोय तो. बारा वर्षांच्या पोराने घरातलं दुखणं एका ओळीत मांडलं, कोणाला दोष न देता. मला विचाराल तर दोन दिवाळी अंकांतल्या मिळून कवितांत मला एवढं सापडलं नसतं.

त्याला मिळाला पाचांपैकी एक. शेरा लाल शाईत, 'उपमा नाही. साधर्म्यवाचक शब्द कोठे आहे? पुस्तकातील उदाहरण लिहावे.'

तांत्रिकदृष्ट्या शेरा बरोबर आहे बरं का. उपमा नाहीच ती, रूपक आहे. 'सारखे' लिहिलं असतं तर उपमा झाली असती. मान्य. पण तो मुलगा आता काय शिकला? की आपल्या घरातलं, आपल्या गल्लीतलं, आपण स्वतः पाहिलेलं भाषेत आणायचं नसतं. चंद्र आणा, कमळ आणा, राजहंस आणा. कोपर पूल नको. पुढच्या चाचणीत त्याने मुख आणि चंद्र लिहिलं, आणि पैकीच्या पैकी घेतले. आता तो मला दाखवायलाही काही लिहून आणत नाही.

यावर दोन आक्षेप येणार हे मला माहीत आहे, तेव्हा आधीच घेते.

पहिला आक्षेप शिक्षक मित्रमैत्रिणींचा. साठ-साठ मुलांचा वर्ग, पोर्शन संपवायचा, तपासायला गठ्ठे. प्रत्येकाच्या काका-बाबांचा पूल कुठे बघत बसू? रास्त आहे. तक्ता तपासायला सोपा असतो, म्हणूनच तो टिकलाय. शिष्यवृत्तीला तर दिलेल्या पर्यायांतूनच निवडायचं असतं, तिथे आजी ठाकुर्लीवरून येऊच शकत नाही. मी नावं शिकवू नका असं म्हणत नाहीये. उपमेय-उपमान ही नावं कामाची आहेत, सुताराला जशी हत्यारांची नावं. पण हत्यारांची नावं पाठ असलेल्याला आपण सुतार म्हणतो का? आधी काहीतरी ठोकू द्या, मग नाव सांगा. क्रम उलटा करायला पोर्शन वाढवावा लागत नाही.

दुसरा आक्षेप नातेवाईक मंडळींचा, आणि हा मला जास्त झोंबतो. 'हल्लीच्या मुलांना म्हणीच येत नाहीत. आमच्या वेळी...' वगैरे वगैरे. काका, जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात ही म्हण कळायला जातं पाहिलेलं असावं लागतं. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये कुठलं जातं आणि कुठलं सूप? ते तुम्हीच गावाकडच्या घराबरोबर विकून टाकलंत ना! मग मुलाला दाणे भरडून दाखवायचं सोडून त्याला म्हण येत नाही म्हणून नावं कशाला ठेवायची? आणि तोच मुलगा 'डोकं हँग झालं', 'चार्जिंग संपलं माझं', 'आजोबांना रेंज येत नाहीये' असं बोलतो, तेव्हा तो दुसरं काय करत असतो? तुमच्या आजीच्या हातात जातं होतं, तिने जात्याची म्हण केली. याच्या हातात मोबाइल आहे. यंत्र बदललंय, बाकी खटपट तीच. त्याच्या बोलण्याला 'भाषा बिघडवली' म्हणायचं आणि आपल्याला 'भाषासमृद्धी', हे बरं आहे!

कोपर गावात तर याहून वाईट होतं. इथली मूळ बोली आगरी. लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणींची परंपरा आहे या लोकांत. २०१७ साली नव्वदावं मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं, त्याचं यजमानपद आगरी यूथ फोरमने घेतलं होतं. आणि आगरी घरातलं पोर आजीच्या तोंडचं काही वर्गात बोललं की आधी त्याचं उच्चारण दुरुस्त होतं. काय बोललं ते ऐकायला कोणी थांबत नाही.

खरं तर आपल्याकडे हे शिकवायची उत्तम रीत सातशे वर्षांपूर्वीच तयार होती. महानुभावांचा 'दृष्टांतपाठ' घ्या. चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत केशिराजांनी त्यात मांडले. प्रत्येकाचे तीन भाग. आधी सूत्र, म्हणजे मुद्दा. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट किंवा चित्र. मग दार्ष्टांतिक, म्हणजे ते चित्र मुद्द्याला कुठे आणि कसं लागू पडतं याचा उलगडा. हत्ती चाचपडणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यातच आहे. हा दृष्टांत शोभेला घातलेला नाही. तो नसता तर मुद्दा पोचलाच नसता. पुढे १२९०च्या ज्ञानेश्वरीत दृष्टांतांच्या राशी आहेत, त्याही समजावून सांगायच्या तळमळीपोटी. एकनाथांचं विंचवाचं भारूड ऐकताना लोक आधी पोट धरून हसतात, आणि मग त्यांना कळतं की हा विंचू आपल्याच अंगातला, काम-क्रोधाचा आहे. नाथांनी कोणाला रकाने भरायला लावले नाहीत.

मी पोरांना तीनच प्रश्न विचारते. काय दिसलं? कुठे जुळतं? कुठे जुळत नाही? यातला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच शाळेत कधी विचारत नाहीत. आई म्हणजे देव, असं सगळ्यांनी लिहिलं. म्हटलं, कुठे जुळत नाही? बराच वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, 'देव दमत नाही.' त्या संध्याकाळी आणखी काही शिकवायची गरज पडली नाही.

आणि हा नुसता साहित्याचा लाड नाही, मंडळी. याच पोरांना उद्या भाडेकरार वाचायचाय, कर्जाची जाहिरात वाचायचीय, मत द्यायचंय. आमच्याकडे बिल्डरच्या प्रत्येक बोर्डावर 'स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर' असतं. कोणाची हाक? कुठल्या डोंगरावरून? 'विकासाची गंगा दारी' असे फलक निवडणुकीच्या आधी लागतात. मम्मटाची गंगा निदान काठापर्यंत तरी होती. ज्या मुलाला 'कुठे जुळत नाही' हे विचारायची सवय लागली, तो त्या फलकाखाली उभा राहून नळाकडे बघेल. ज्याला फक्त रकाने भरता येतात, तो म्हणेल, विकास उपमेय, गंगा उपमान, रूपक अलंकार, दोन मार्क. आणि घरी येऊन टँकरची वाट बघेल. अलंकार दागिना आहे असं शिकलेल्या माणसाला दागिना दाखवून लुटणं फार सोपं असतं.

२०२० मध्ये कायदा झाला, महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. पेढे वाटले आपण. मीही खाल्ले. पण त्या सक्तीच्या तासाला मुलाच्या हातात जर पुन्हा तोच तक्ता पडणार असेल आणि त्याच्या कोपर पुलावर पुन्हा लाल रेघ पडणार असेल, तर हा कायदा आणि हा दर्जा काय आहे, हे आमची सातवीतली पोरंही एका वाक्प्रचारात सांगतील.

असो. आता तुमची पाळी. तुमच्या घरात दहा ते चौदा वर्षांचं कोणी असेल तर आज रात्री जेवताना त्याला विचारा, आपलं घर कशासारखं आहे? उत्तर आलं की दुरुस्त करू नका. फक्त पुढचं विचारा, कुठे जुळत नाही? आणि जे ऐकाल ते मला कळवा. उपमेय-उपमान न सांगता :)